‘स्मृतिचित्रे’ की ‘आहे मनोहर तरी’: आधी कोणतं वाचावं?

घरातल्याच माणसांशी जुळवून घेता घेता जीव दमलेला असतो, तेव्हा ‘सकारात्मक राहा’ सांगणारी पुस्तकं नकोशी होतात. अशा वेळी कुणी तरी ते दिवस खरोखर काढलेले असावेत आणि ते त्यानेच सांगावेत असं वाटतं. ‘काय वाचू?’ असं विचारणाऱ्याला मी सध्या दोन आत्मकथनं सुचवते: लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आणि सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’. दोन्ही नुकतीच पाठोपाठ वाचली, त्यामुळे फरक ताजा आहे.

दोघींच्या परिस्थितीत बरंच साम्य आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे पती कवी नारायण वामन टिळक, सुनीता देशपांड्यांचे पती पु. ल. देशपांडे. दोघेही प्रतिभावंत, लोकांचे लाडके. आणि व्यवहाराचा भार दोन्ही घरांत बायकोवर.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाई लिहाय-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, पण त्यांची भाषा वाचताना समोर बसून कुणी बोलतंय असं वाटतं. टिळक तापट आणि लहरी. दानशूर इतके की घरात पैसा टिकत नसे. मनात आलं की न सांगता निघूनही जात. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, मग पुन्हा एकत्र आल्या, आणि १९०० साली स्वतः विचार करून त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना उमगतं तो भाग मी दोनदा वाचला. नवऱ्याच्या आग्रहापुढे मान तुकवलेली नाही, आपल्याच डोक्याने गाठ सोडवली आहे, हे त्यात स्वच्छ दिसतं. एवढं सोसूनही बाई हसवते. भांडण झालं तर ते पुरतं रंगवून सांगते, आणि पुढच्याच पानावर दुसऱ्या हकीकतीकडे वळते. कडवटपणा साठू देत नाही.

सुनीताबाई तसं सोडून देत नाहीत. ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं, तेव्हा पुलं हयात होते आणि महाराष्ट्र त्यांच्यावर जीव टाकत होता. अशा माणसाबरोबरच्या सहजीवनात आपल्या वाट्याला काय आलं आणि काय आलं नाही, हे लिहायला धैर्य लागतं. त्या नवऱ्याची उलटतपासणी घेतात, पण स्वतःलाही त्याच पिंजऱ्यात उभं करतात: आपला काटेकोरपणा, आपला हट्ट, आपला अहंकार. काळाचा क्रम पाळलेला नाही, आठवण नेईल तिकडे लेखन जातं. काही पानं मला फार कठोर वाटली, तरी खोटं एकही वाटलं नाही.

मग निवड कशी करायची? सध्या मन थकलेलं असेल, झोपण्यापूर्वी चार पानंच होत असतील, तर ‘स्मृतिचित्रे’ घ्या. प्रसंग सुटे सुटे आहेत. मध्येच ठेवून दिलं तरी धागा तुटत नाही. संक्षिप्त आवृत्तीही आहे, पण शक्य असेल तर पूर्णच वाचा. लक्ष्मीबाईंची गंमत बारीकसारीक तपशिलांत आहे, आणि कात्री तिथेच लागते.

‘माणूस वाईट नाही, मग मला एवढं एकटं का वाटतं?’ हा प्रश्न छळत असेल, तर मात्र सुनीताबाईंकडेच जा. प्रेम आणि तक्रार एकाच वेळी खरी असू शकते, हे इतकं नेमकं मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. फक्त अगदी ताज्या भांडणाच्या दिवसांत हे पुस्तक हातात घेऊ नका. आपलीच बाजू शोधत वाचलं जातं, आणि त्यांनी स्वतःवर ओढलेले आसूड नजरेतून निसटतात.

अडचण नात्यापेक्षा परिस्थितीची असेल, म्हणजे शिकायचंय पण घरातून विरोध आहे, पैसा नाही, तर ही दोन्ही बाजूला ठेवून आनंद यादवांचं ‘झोंबी’ वाचा. १९८७ सालची ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. बापाचा विरोध आणि शेतातली राबणूक यांतून शाळा टिकवणाऱ्या मुलाची. ग्रामीण बोलीची सवय नसेल तर सुरुवातीला वेग मंदावतो, पण नेट धरा. पुढची कहाणी ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ आणि ‘काचवेल’मध्ये आहे, ती त्याच क्रमाने वाचा.