एम्पायर स्टेट की टॉप ऑफ द रॉक?

न्यूयॉर्कमध्ये एकाच गच्चीचं तिकीट परवडणार असेल, तर मी टॉप ऑफ द रॉक, म्हणजे रॉकफेलर सेंटरच्या उंच इमारतीवरची गच्ची, निवडेन. कारण साधं आहे: एम्पायर स्टेटवर चढलात की खुद्द एम्पायर स्टेटच दिसत नाही! रॉकफेलर सेंटरच्या ७०व्या मजल्यावरून ती दक्षिणेला समोर उभी असते, आणि उत्तरेला सेंट्रल पार्कचा हिरवा पट्टा पसरलेला. शिवाय तिथे फोटोत जाळी येत नाही. सूर्यास्ताची वेळ मात्र आधीच बुक करा.

एम्पायर स्टेटचा ८६वा मजला बराच उंच, सुमारे ३२० मीटरवर. १९३१ सालच्या या इमारतीची लॉबीसुद्धा बघण्यासारखी. १०२व्या मजल्याला वेगळे पैसे पडतात, तो खुशाल सोडा.