गच्चीवरचा सोलर: नियमाने बसला, कॉइलवर चालला

बिल्डरने गच्चीवर सोलर वॉटर हीटर का बसवला हे उघड आहे. नव्या इमारतीला तो सक्तीचा आहे, त्याशिवाय राहायला परवानगी मिळत नाही. त्यामुळे पॅनेल किती, टाकी किती लिटरची हे पाल्हाळ लावत नाही. इमारतीचा सामायिक सोलर कित्येक महिने वापरल्यावर माझी तक्रार एकच आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे: या यंत्रणेला उष्णतेचं मीटर, म्हणजे उन्हाची उष्णता पाण्यात किती उतरली हे मोजणारं यंत्र, नाही.

मीटर नसल्याने काय झालं ते ऐका. नळाला रोज कडकडीत पाणी येत होतं, सगळे खूश होते. सामायिक विजेचं बिल मात्र फुगत चाललं होतं. मला दुसऱ्याच्या खिशातून गेलेले पैसेही बोचतात, इथे तर माझाही वाटा. आधी लिफ्टवर संशय घेतला, मग जिन्यातल्या दिव्यांवर. शेवटी गच्चीवर गेलो तर भर उन्हात पंप बंद! पॅनेलचा तापमान-सेन्सर खोबणीतून निसटून पाइपाच्या सावलीत लोंबत होता. पॅनेल टाकीपेक्षा काही अंश जास्त तापलं की कंट्रोलर पंप सुरू करतो. इथे तो बिचारा सावलीतल्या हवेचं तापमान वाचत बसला होता. पॅनेलमधलं पाणी जागच्या जागी उकळत होतं, सेफ्टी व्हॉल्व्हखाली क्षारांचा पांढरा थर साचला होता, आणि ऊन नसेल तेव्हासाठी टाकीत बसवलेली विजेची बॅकअप कॉइल इमानेइतबारे अख्ख्या इमारतीचं पाणी तापवत होती. म्हणजे आमचा सोलर हा एक भलामोठा गीझर होता, फक्त गच्ची अडवणारा.

सर्व्हिसवाल्याचं पहिलं उत्तर: "पाणी गरम येतंय ना साहेब? मग तक्रार काय?"

संताप आला, पण नियमाच्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. तपासणीत पॅनेल मोजली जातात, टाकी पाहिली जाते, शिक्का बसतो. टाकीत उन्हाची उष्णता किती उतरली हे पुढे कोणी विचारत नाही. शिवाय यंत्रणा निवडतो बिल्डर आणि बिल भरतो राहणारा, मग बिल्डरने सर्वांत स्वस्त सेन्सर का घेऊ नये?

सक्तीचं नाव काढलं की लोक इस्रायलचा दाखला देतात. १९८० मध्ये तिथे नव्या घरांना सोलर वॉटर हीटर सक्तीचा झाला आणि आज बहुतेक घरांवर तो दिसतो. पण तिथल्या छोट्या यंत्रणांत पंपच नसतो. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं. आणि ढगाळ दिवशी कॉइलचा स्विच घरातला माणूस हाताने लावतो. लख्ख ऊन असताना स्विच लावायची वेळ आली, तर बिघाड त्याला त्याच दिवशी कळतो. आमची कॉइल आपोआप चालते, म्हणून काहीच कळत नाही. बार्सिलोनाने २००० साली लागू केलेल्या नियमात गरम पाण्याच्या गरजेचा ६० टक्के वाटा सूर्याकडून यावा असं म्हटलं होतं. पॅनेल मोजण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ब्रिटनची गंमत बघा. तिथल्या उष्णता-प्रोत्साहन योजनेत २०११ पासून मोठ्या इमारतींना मीटरवर मोजलेल्या उष्णतेचे पैसे मिळाले. २०१४ मध्ये घरांसाठी योजना आली, तेव्हा सोलरचे पैसे ठरले अंदाजावर, सात वर्षांसाठी. अंदाजाने पैसे वाटायचे असतील तर माझं वीजबिलही अंदाजानेच घ्या की! फ्रान्समध्ये मात्र १९८०च्या दशकाच्या शेवटी मोठ्या यंत्रणांसाठी हमीचे करार सुरू झाले: ठरलेली उष्णता मिळाली नाही तर पुरवठादाराने भरपाई द्यायची. मला हवंय ते हेच.

इथवरचा मजकूर पडून होता. दरम्यान दोन गोष्टी बदलल्या, म्हणून पुढचं लिहितोय.

भांडून सेन्सर बसवून घेतला, पाइपांवर नवं इन्सुलेशन चढवलं आणि वर्गणी काढून एक उष्णता-मीटर लावलं. फ्लो-मीटर, जाणाऱ्या-येणाऱ्या पाइपावर एकेक तापमापक आणि हिशेब करणारी छोटी डबी, बस इतकंच. आता कडक उन्हाच्या दिवसांत कॉइल बंदच असते आणि सामायिक बिल जमिनीवर आलंय. सक्ती नकोच, अनुदान द्या, ज्याला हवं तो बसवेल, असं मी आधी बैठकीत बोलत होतो. ते मत आता सोडलंय. तयार इमारतीत गरम पाण्याचे पाइप नव्याने फिरवायचे तर निम्म्या भिंती फोडाव्या लागतात. बांधतानाच टाकले तर खर्च किरकोळ. आणि अनुदान कधी आटेल याचा नेम नाही. अमेरिकेत १९८५ अखेर घरगुती सोलरची करसवलत संपली आणि धंदाच कोसळला.

दुसरा बदल अनपेक्षित. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, पॅनेलखालच्या खोल्या उन्हाळ्यात कमी तापतात. साहजिक आहे, स्लॅबवर सावली पडते. यावरून एकाने सोलर कूलिंगची, म्हणजे उन्हाच्या उष्णतेवरच घर थंड करायची टूम काढली. लिथियम ब्रोमाइड या क्षाराने पाण्याची वाफ शोषून घेणारं शोषण-यंत्र ८०-९० अंशांच्या पाण्यावर थंडावा देतं हे खरं, आणि ऊन कडक तेव्हाच गरजही जास्त. पण एक भाग उष्णता घालून जेमतेम ०.७ भाग थंडावा मिळतो, वर नको असलेली उष्णता हवेत सोडणारा कूलिंग टॉवर आणि त्याचं पाणी. मोठ्या रुग्णालयाला जमेल. आमच्यासाठी गच्चीला पांढरा रंग, खिडक्यांवर छज्जे आणि सौरविजेवरचा साधा एसी स्वस्त पडेल. धोरणवाल्यांनीही छज्जे आधी सक्तीचे करावेत.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा कापला तो सर्व्हिसवाल्याच्या त्या उत्तरासाठी. उरलेला एक मीटरसाठी, कारण ते बिल्डरने लावायला हवं होतं आणि वर्गणी आम्ही काढली. नवीन घर घेत असाल तर ताबा घेण्याआधी कॉइलचा ब्रेकर पाडायला सांगा आणि दोन दिवस उन्हाचं पाणी वापरून बघा. बिल्डर टाळाटाळ करू लागला, तर गच्चीवर जाऊन सेन्सर कुठे लोंबतोय ते शोधा.