रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत बुलेट ३५० : दोन पावसाळ्यांनंतर

मरून रंगाची बुलेट ३५० घेतली त्याला आता दोन पावसाळे उलटले. इंजिनाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते थोडक्यात आटपतो. ३४९ सीसी, २० बीएचपीच्या आसपास ताकद, २७ न्यूटन मीटर टॉर्क आणि तोही ४००० आरपीएमलाच मिळतो. त्यामुळे आंबा घाटात सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. वजन १९५ किलो. पार्किंगमधून मागे ओढताना ते कळतं, चालवताना कळत नाही. मला लिहायचंय ते तिच्या रंगाबद्दल आणि क्रोमबद्दल, कारण घेण्याआधी मी शोधत होतो तेव्हा किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असं याबद्दल फारसं काही सापडलं नव्हतं.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. गाडीला खरं छळतं ते मीठ. माझा रोजचा रस्ता मिरकरवाडा बंदराच्या बाजूने जातो. मासळीच्या टेम्पोंमधून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर गळत असतं आणि ते चाकांनी उडून थेट सायलेन्सरवर, स्पोकवर आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला बसतं. पाऊस उघडला की जांभ्याची तांबडी धूळ सुरू. ही धूळ बारीक असते, पण तिच्यात खरखरीत कण असतात. कोरड्या फडक्याने टाकी पुसली की हे कणच रंगावर फिरतात आणि उन्हात बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतात. इतर कशानेही रंगाची चमक इतकी जात नाही.

पहिल्याच पावसाळ्यात सायलेन्सरच्या खालच्या बाजूला तपकिरी ठिपके आले. ओळखीचे दोघेतिघे म्हणाले, क्रोम खराब आहे. तसं नसतं. क्रोमचा थर एका मायक्रॉनच्याही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) खाली असतो, त्याच्याखाली निकेल आणि त्याखाली लोखंड. क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्याच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतात. खारं पाणी त्यातून आत जातं आणि गंज खालून वर येतो. ठिपके नवीन असतील तर चपात्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद चुरगाळून, पाणी लावून हळूच घासला की बहुतेक निघून जातात. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे चरे पडत नाहीत. नंतर कोरडं करून मेण लावायचं. जे ठिपके खोल गेलेत ते निघत नाहीत. माझ्या गाडीवर असे आहेत आणि ते मी तसेच ठेवलेत.

काही लोक पावसाळ्याआधी सगळ्या गाडीवर डिझेल किंवा जुनं ऑइल फिरवतात. कृपा करून करू नका. रबरं फुगतात, धूळ चिकटून थर बसतो आणि थेंबभर जरी ब्रेकच्या डिस्कवर गेलं तरी ब्रेक नीट लागत नाही. मेणकापडाचं कव्हरही पावसाळ्यात नको. आत ओल कोंडते आणि गंज आणखी वेगाने चढतो. वर पत्रा आणि बाजूंनी वारा असलेली जागा मिळाली तर सगळ्यात उत्तम. धुवायला साधं गोडं पाणी भरपूर वापरायचं, आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची, मग गाडीच्या शाम्पूने मऊ कापड फिरवायचं. भांड्यांच्या साबणाने मेणाचा थर जातो. सर्व्हिस स्टेशनवरचा जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि वायरिंगच्या जोडांवर मारू देऊ नका.

आता टाकी. या मॉडेलच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा चेन्नईजवळच्या कारखान्यात ब्रशने, हाताने ओढलेल्या आहेत. जवळून बघितलं तर रेघ एके ठिकाणी किंचित जाड होते आणि पुढे पुन्हा बारीक. ही गाडी मी घेतली त्यात या रेघांचा वाटा मोठा होता. आज डाव्या बाजूची रेघ पँटच्या झिपने आणि टाकी बॅगच्या पट्ट्याने घासून एके ठिकाणी फिकी झाली आहे. पॉलिशवाल्याने सांगितलं, सगळी टाकी कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) मारून चकचकीत करून देतो. मी नको म्हटलं. रंगावरचा पारदर्शक लॅकर साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक कंपाउंडमध्ये त्यातला थोडा थोडा खरवडून जातो. दर वर्षी चमकवत राहिलं तर काही वर्षांनी चमकवायला लॅकरच उरत नाही. आणि ती रेघ ज्याने ओढली त्याचा हात पुन्हा मिळणार नाही. फिकी असली तरी तीच हवी.

डाव्या बाजूच्या इंजिन कव्हरवर बूट लागून लागून एक पट्टा उजळ झालाय. चावीच्या भोवती जुडग्याने ओरखडे पडलेत. गणपतीपुळ्याला पार्किंगमध्ये कोणाचा तरी लेग गार्ड मागच्या मडगार्डला लागून पोचा आला. तो पाहून पोटात कालवलं, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या चढावर गाडी त्याच ठेक्यात चालत होती, आणि माझं त्या पोच्याकडे बघणं हळूहळू बदललं.

काय सोडून द्यायचं आणि काय नाही, याबाबत मात्र मी कडक आहे. चऱ्यावरून नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर चरा लॅकरमध्येच आहे, विसरून जा. नख अडकून खाली लोखंड दिसत असेल तर त्याच आठवड्यात प्रायमर आणि टच-अप लावायचा, कारण गंज रंगाच्या खालून पसरत जातो. स्पोकच्या निपलवर (स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या नटवर) गंज दिसला तर तो सौंदर्याचा प्रश्न नाही, स्पोक तुटू शकतो. चेन लाल दिसायला लागली की साफ करून ल्युब, भर पावसात तर आणखी लवकर. सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ सोनेरी-निळसर होतो, ती उष्णतेने तयार झालेल्या ऑक्साइडची छटा असते आणि गाडीला तिचा काही त्रास नाही. त्याच पाइपच्या नट-बोल्टांकडे मात्र लक्ष ठेवायचं.

सिरॅमिक कोटिंगबद्दल बरेच जण विचारतात. धुणं सोपं होतं, पाणी घसरून जातं, हा फायदा खरा आहे. पण तो थर अगदी पातळ असतो, खडी उडाली की टवका उडणारच. खडीपासून वाचायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, ती जवळपास २०० मायक्रॉन जाड असते. मी टाकीवर लावली नाही, कारण मला त्या रेघांवर बोट फिरवायचं असतं.

मुंबई-गोवा महामार्गावर किंवा किनाऱ्यालगत रोज चालवायला बुलेट घ्यायचा विचार असेल तर बिनधास्त घ्या, फक्त शोरूममधली चमक पहिल्या पावसाळ्यापुरती आहे हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. माझी गाडी विकायची नाही, त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकासाठी ती जपायचं कारण नाही. मडगार्डचा पोचा तसाच राहणार आहे. या दिवाळीत मागचे स्पोक आणि चेन स्प्रॉकेट बदलायचंय, पैसे तिकडे जातील.