तीन उन्हाळे मेळघाटच्या गस्तीत वापरलेली पंचावन्न लिटरची सॅक

मेळघाटात वनरक्षक म्हणून काम करताना दोन मुक्कामांची पायी गस्त ही माझ्यासाठी नेहमीची बाब आहे. त्या गस्तीसाठी तीन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन, पदरचे ६,८०० रुपये खर्चून, पंचावन्न लिटरची खाकी सॅक मागवली. ती घेताना माझ्या मनात एकच प्रश्न होता, तो म्हणजे पाठीवर नेमके किती वजन घेऊन निघावे. आणि सॅकची पारख मी शेवटी त्याच एका कसोटीवर केली.

या सॅकची घडण मूळची आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या डोंगराळ भागात, जिथे परवाना काढून शिकार करता येते, तिथले शिकारी आठवडाभराचा शिधा पाठीवर घेऊन रानात शिरतात, आणि एल्कसारखे मोठे जनावर मिळाले तर हाडे काढूनही सत्तर ते शंभर किलो मांस त्यांना खेपा करून बाहेर आणावे लागते. म्हणून त्यांच्या सॅकमध्ये पाठीची चौकट आणि पिशवी एकमेकींपासून सुट्या होतात, मधल्या जागेत जड बोजा पट्ट्यांनी आवळून बांधता येतो, आणि जाताना किती वजन घ्यायचे हे येतानाचे ओझे डोळ्यांसमोर ठेवून ठरवले जाते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१च्या दुरुस्तीने शिकारीचा विषय जवळजवळ संपवला आहे, आणि आमचा हिशेब तर बरोबर उलटा आहे. आमचे ओझे निघताना सर्वांत जड असते आणि दर तासाला हलके होत जाते, कारण त्यातला सर्वांत मोठा वाटा पाण्याचा असतो.

मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असताना मला चालताना तासाला पाऊण लिटर पाणी लागते. सिपना नदीत त्या दिवसांत फक्त डोह उरतात आणि त्यांतले हिरवट पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगे नसते. पहिल्या वर्षी घाबरून मी सात लिटर पाणी घेतले, शिवाय दोन जोड कपडे, गादीसारखी जाड चटई आणि स्टीलचा डबा. किराणा दुकानाच्या काट्यावर सॅक लटकवली तेव्हा आकडा १९ किलोवर थांबला. माझे वजन ६२ किलो आहे. सोबत असलेल्या कोरकू वनमजूर दादांनी पिशवीकडे पाहून विचारले, “साहेब, एवढं लादून चाल्ले, वापस येता का तिकडंच राहता?” ते स्वतः एक झोळी, एक कुऱ्हाड आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन निघाले होते.

मुक्कामी चालीत शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून फार जास्त ओझे घेऊ नये, असा एक प्रचलित अंदाज आहे. आता माझी सॅक साडेतेरा किलोवर येते, म्हणजे त्या अंदाजाच्या जराशी वर. त्यात रिकाम्या सॅकचे २.२ किलो, बाटल्यांसह पाण्याचे सव्वाचार, आणि भाकरी, ठेचा, फुटाणे, सातूचे पीठ व दोन वेळच्या खिचडीचा शिधा मिळून दोन किलो जातात. उरलेल्यात मच्छरदाणी, चादर, दुर्बीण, टॉर्च, पॉवर बँक, भांडे, दोर आणि ओआरएसची पाकिटे असतात. पाणी किती घ्यायचे ते मी दिवसावर न ठरवता पुढच्या खात्रीच्या पाणवठ्यापर्यंतच्या तासांवर ठरवतो आणि वर एक लिटर राखून ठेवतो.

इथे ही सॅक खरोखर कामाला येते. मांसासाठी ठेवलेल्या त्या मधल्या जागेत मी पाण्याच्या बाटल्या बांधतो. वजन पाठीला चिकटून, दोन खवाट्यांच्या मध्ये राहते, त्यामुळे चढावर सॅक मागे ओढत नाही. आधी मी पाच लिटरची कॅन ठेवत असे, पण ती अर्धी झाली की उतारावर पाणी डुचमळायचे आणि नाला ओलांडताना दगडावरच्या पायाचा तोल जायचा. आता एकेक लिटरच्या चार बाटल्या असतात. एक उघडली की ती संपवायची, म्हणजे बाकीच्या भरलेल्या आणि गप्प राहतात. कमरेचा पट्टा हाडावर नीट बसवला की खांद्यांवरचा बराचसा भार उतरतो.

दोष मात्र आहेत. पाठीच्या गादीत हवा खेळायला जागाच नाही, त्यामुळे दुपारपर्यंत शर्ट घामाने चिकटतो आणि कमरेवर घामोळ्या उठतात. मी आतून जुन्या धोतराचा पदर शिवून घेतला आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात छातीच्या पट्ट्याचे बक्कल तुटले. विक्रेत्याला फोटोसह दोनदा लिहिले, दोन्ही वेळा “तक्रार नोंदवली आहे” एवढेच उत्तर आले, आणि अखेर परतवाड्याच्या एका कारागिराने साठ रुपयांत नवे बसवून दिले. वरच्या झाकणाचा वेल्क्रो उघडताना असा चर्र आवाज होतो की पाणवठ्यावर आलेला सांबर तेवढ्यानेच परत फिरतो. उलट कमरेचे बक्कल एका हाताने, न पाहता सुटते, आणि अस्वलाच्या मुलखात ही सोय मी दोषांपेक्षा मोठी मानतो. छातीचा पट्टा मी आता चढाव सोडला तर लावतच नाही.

पंचावन्न लिटर ही जागा मात्र उन्हाळ्यासाठी जास्तच झाली. रिकामा कोपरा दिसला की हात आपोआप काहीतरी कोंबतो. गेल्या वर्षी तळाशी तीन दिवस न वापरलेला टॉवेल आणि दोन साबण निघाले. डिसेंबरमध्ये चिखलदऱ्याच्या बाजूला ब्लँकेट घ्यावेच लागते, तेव्हा तीच जागा पुरेपूर भरते. फक्त उन्हाळी गस्तीसाठी किंवा बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला मचाणावर काढायच्या एका रात्रीसाठी कुणी घेणार असेल, तर याच घडणीची पंचेचाळीस लिटरची घ्यावी आणि विकत घेण्याआधी दुकानातच, चार भरलेल्या बाटल्या मधल्या जागेत बांधून, एकदा जिना चढून-उतरून पाहावे.