फिंचेसची पिल्लं मरतायत? सगळे एकत्र मोठ्या पिंजऱ्यात ठेवावेत की जोडीला वेगळा पिंजरा

झेब्रा, बेंगालीज, गोल्डियन (या छोट्या फिंच पक्ष्यांच्या जाती) सगळे एकाच मोठ्या पिंजऱ्यात सोडायचे की प्रत्येक जोडीला वेगळा छोटा पिंजरा द्यायचा, हे ठरवण्याआधी एवढंच बघा की तुम्हाला नुसते पक्षी पाळायचेत की पिल्लंपण काढायचीत. मी मुलुंडला गॅलरीतल्या ६ फुटी पिंजऱ्यात दोन्ही एकत्र जमवायला गेलो आणि एका सीझनला ११ पिल्लं गेली, त्यातली निम्मी तरी वाचली असती असं आज वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मोठा पिंजरा. त्यात पक्षी उडतो, आणि उडणाऱ्या मादीचं अंगपण चांगलं राहतं, अंडं अडकायचा त्रास कमी होतो (कॅल्शियम तरीही हवंच, समुद्रफेस कायम लावून ठेवा). फिंच हा थव्यातला पक्षी, चारचौघांत तो खुश असतो. त्रास सुरू होतो घरट्यासाठी मडकी टांगली की. झेब्राचा नर सगळ्यात उंच मडकं पकडतो, तेवढ्यावर थांबत नाही, शेजारच्या मडक्यातपण काथ्या आणि गवत कोंबत बसतो. माझ्या गोल्डियनची ५ अंडी अशीच काथ्याखाली गाडलेली सापडली आणि वर झेब्राची २ अंडी. गोल्डियन बिचारा गरीब, भांडतच नाही, जागा सोडून देतो. बेंगालीजचं वेगळंच, ते कुणाचीही अंडी उबवतात, दुसऱ्याची पिल्लंपण भरवतात म्हणून लोक त्यांना दाई म्हणून वापरतात, पण हाच पक्षी एकत्र पिंजऱ्यात असला की रात्री चार-पाच जण एकाच मडक्यात झोपायला घुसतात, अंडी तडकतात, कालच फुटलेलं पिल्लू खाली दबतं. आणि बजरीगर (छोटा पोपट) किंवा जावा (जावा स्पॅरो) त्यात घालू नका, बजरीगर फिंचचे पाय चावून तोडतो, हे माहीत असूनही दुकानात बिनधास्त एकत्र विकतात.

वेगळा पिंजरा म्हणजे साधारण २ फूट लांब, दीड फूट उंच, मागची आणि बाजूची भिंत बंद, एक मडकं, एक जोडी. यातला सगळ्यात मोठा फायदा म्हणजे नेमकं काय चुकलं ते कळतं. मोठ्या पिंजऱ्यात सकाळी खाली मेलेलं पिल्लू दिसतं, बस, कुणी टाकलं पत्ता नाही. इथे तारीख लिहून ठेवता येते, झेब्राची अंडी १२ ते १४ दिवसांत फुटतात, पिल्लू त्यानंतर साधारण ३ आठवड्यांनी मडक्याबाहेर येतं आणि स्वतःचं स्वतः खायला लागायला ५ आठवडे. पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लं जात असतील आणि गळ्यातली पिशवी रिकामी दिसत असेल तर आईबाप भरवत नाहीयेत, नवखे आहेत किंवा मऊ खाणं मिळत नाहीये. उकडलेलं अंडं, भिजवून मोड आणलेला राळा, हे मोठ्या पिंजऱ्यात आधी दांडगे पक्षी फस्त करतात, दबकी जोडी वाडग्यापर्यंत पोचेपर्यंत काही उरत नाही. जिवंत पिल्लू बाहेर टाकलेलं दिसलं तर ओंजळीत धरून ऊब द्या आणि परत घरट्यात ठेवा, हात लागला म्हणून आई सोडून देते असं नाही, माझी तीन अशी वाचलीत. पायात चकचकीत रिंग घातली तर मात्र ती काढून टाकायच्या नादात पिल्लूच बाहेर फेकलं जातं.

वेगळ्या पिंजऱ्याचा तोटापण आहे. वन बीएचकेत चार पिंजरे म्हणजे चार पाणी, चार ट्रे, रोज. मादी जाड होते. आणि जोडी जमली नाही तर नर पिसं उपटतो, तिला पळायला जागा नसते. माझं मत असं झालंय की जोडी मोठ्या पिंजऱ्यात, मडकी न लावता, त्यांची त्यांना जमवू द्यावी, जे दोघं चिकटून बसतात, एकमेकांची पिसं साफ करतात ते उचलून वेगळे ठेवावेत. आपण जबरदस्तीनं लावलेल्या जोडीपेक्षा त्यांनी निवडलेली जोडी पिल्लं जास्त जगवते. दोन, फार तर तीन खेपा झाल्या की मडकं काढायचं आणि जोडी परत मोठ्या पिंजऱ्यात.

एकत्रच ठेवायचे असतील तर निदान जात एकच ठेवा, जोड्यांच्या दुप्पट मडकी, सगळी एकाच उंचीवर, आणि पहिलं अंडं पडलं की काथ्या बंद.

आता मुंबईचं. पावसाळ्यात गॅलरीत वाछट येते, दाण्याला बुरशी धरते, भिजवलेला राळा दोन-तीन तासांत आंबतो, मुंग्या मडक्यात शिरून पिल्लं मारतात (स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवा). दिवाळीत फटाक्यानं मादी रात्री घाबरून मडक्यातून उडते, अंधारात परत जाता येत नाही, अंडी थंड पडतात. म्हणून मी मडकी दिवाळीनंतरच लावतो, रात्री एक झिरोचा बल्ब चालू असतो आणि मे लागला की सगळं बंद. नवे पक्षी क्रॉफर्ड मार्केटातून आणलेत तर महिनाभर वेगळे ठेवा, आणि कुणी लाल मुनिया दाखवली तर घेऊ नका, आपल्या देशी मुनिया पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.

हे वाचताना तुमच्या मोठ्या पिंजऱ्यात आत्ताच अंडी असतील तर घाईनं मडकं हलवू नका, बहुतेक जोड्या जागा बदलली की अंडी सोडतात. त्यापेक्षा जास्त त्रास देणारा झेब्राचा नर काही आठवडे दुसरीकडे ठेवा, पण त्याची स्वतःची अंडी-पिल्लं चालू नाहीत ना ते आधी बघून घ्या, कारण तोपण उबवायला आणि भरवायला लागतो.