टायमरवाला फोटो सेन्सर, गुळाच्या लाइनवर वर्षभर वापरून

शिरोली एमआयडीसीत आमचं गुळाचं छोटं पॅकिंग युनिट आहे, एक किलोचे दहा रवे (गुळाच्या छोट्या ढेपा) एका बॉक्समध्ये भरून बेल्टवरनं टेपिंग मशीनकडं जातात. तिथं तोंडाशी एखादा बॉक्स तिरका झाला की मागचे येऊन आदळायचे आणि कोणतरी पळत जाऊन बेल्ट बंद करेपर्यंत चार-पाच बॉक्स चेपलेले, आतल्या रव्यांचा चुरा, आणि चुऱ्याला रव्याचा भाव कोण देतंय. म्हणून गेल्या सीझनला टायमर आतच असलेला फोटो सेन्सर घेतला, रिफ्लेक्टरवाला (किरण सोडतो आणि समोरच्या रिफ्लेक्टरवरनं परत येतोय का बघतो), रिले आउटपुटचा (रिले म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच).

हिशोब सोपा आहे. आमचा बेल्ट मिनिटाला १२ मीटर पळतो, म्हणजे सेकंदाला २० सेंमी, बॉक्स ४० सेंमी लांब, म्हणजे चालता बॉक्स किरण २ सेकंदच अडवणार. टायमर ३ सेकंदावर ठेवला. त्यापेक्षा जास्त वेळ किरण अडला म्हणजे बॉक्स अडकलाय, बेल्ट बंद. बिनटायमरचा सेन्सर प्रत्येक बॉक्सला बेल्ट थांबवेल, म्हणून पूर्वी पॅनेलमध्ये वेगळा टायमर बसवायला लागायचा, ते वायरिंग वाचलं.

पण जोडणी नीट करून घ्या, इथंच आमचा घोळ झाला. वायरमननं डार्क ऑन आणि ऑन डिले लावलं, म्हणजे किरण ३ सेकंद अडला की रिले ओढणार आणि बेल्ट बंद करणार. दोन महिने झकास चाललं. मग एका रात्री उंदरानं सेन्सरची सप्लायची वायर कुरतडली (गुळाचा वास, उंदीर येणारच), सेन्सर मेला, रिले ओढलाच नाही आणि बेल्ट खुशाल चालू, सकाळी पहिल्याच जॅमला चौदा बॉक्स गेले. आता उलटं केलंय, लाइट ऑन आणि ऑफ डिले. किरण दिसतोय तोवर रिले ओढलेला, अडला की ३ सेकंदानं सुटतो. वायर तुटली, लाइट गेली, काच मळली, यातलं काहीही झालं तरी बेल्ट थांबतोच. आणि रिलेचा कॉन्टॅक्ट स्टॉप बटणाच्या सिरीजमध्ये (एकाच वायरीत एकामागोमाग) घ्या, म्हणजे अडकलेला बॉक्स काढल्यावर हिरवं बटण दाबल्याशिवाय बेल्ट सुरू होत नाही. बॉक्स काढणाऱ्या बाईचा हात तिथंच असतो हो, किरण मोकळा झाला म्हणून बेल्ट आपोआप सुटला तर काय होईल विचार करा.

खटकलेलं पण सांगतो. टायमरच्या स्क्रूला सेकंदाच्या खुणाच नाहीत, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बारीक स्क्रूड्रायव्हरनं जरा जरा फिरवत बसायला लागतं, आणि मोटरच्या थरथरीनं तो हलतो पण. मी सेट करून वर नेलपेंटचा थेंब टाकला, तेव्हापासून हललेला नाही. दुसरं म्हणजे घेताना पोलराइज्डच मागा (चमक सोडून रिफ्लेक्टरवरनं आलेलाच किरण ओळखणारा). आमच्या बॉक्सवर चकचकीत फिल्म असते, साध्या सेन्सरला तिची चमक रिफ्लेक्टरसारखीच दिसते आणि समोर बॉक्स असून नसल्यासारखा वागतो. पोलराइज्डला तो घोळ नाही. पावसाळ्यात गुळाची बारीक पूड काचेवर चिकटते, रोज सकाळी लाइन सुरू करायच्या आधी ओल्या कापडानं आणि मग कोरड्यानं पुसायचं, रिफ्लेक्टर पण, एवढं पाळलं की फुकटचा स्टॉप येत नाही.

शेजारच्या शेडमधल्या मित्रानं आमचं बघून हाच सेन्सर पॉवर प्रेसला (पत्रा दाबून कापायच्या मशीनला) लावायचं काढलं होतं, हात आत गेला की प्रेस थांबेल म्हणून. त्याला हात जोडून सांगितलं, भावा, हे त्या कामाचं नाही. टायमर तर तिथं आणखीच घातक, हात गेल्यावर उशीर कसला लावतोस. प्रेसला सेफ्टी लाइट कर्टनच (हात जाताच मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) पाहिजे, तो वेगळा येतो, महाग येतो, पण तोच घ्यायचा.

आमच्या बेल्टला मात्र मस्त बसलाय, या सीझनला भरायच्या टेबलाजवळ दुसरा लावतोय.