प्रीमियर लीगचं तिकीट हुकलं आणि बिशप ऑकलंडला गेलो

ज्यांना फक्त रेटिंग हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार वाऱ्याने कापला. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, लांबलंय जरा.

झालं असं की मोठ्या क्लबच्या मॅचचं तिकीट काढायचा प्रयत्न मी तीन आठवडे करत होतो. मेंबरशिप घ्या, मग पॉइंट्स जमवा, मग ऑनलाइन रांगेत थांबा आणि रांगेत तुमच्या पुढे अमुक हजार लोक आहेत. शेवटी कंटाळलो. ऑफिसमधला एकजण म्हणाला की अरे फुटबॉल बघायचंय ना, मग बिशपला जा, डार्लिंग्टनवरून छोटी गाडी आहे. मला वाटलं चर्चला पाठवतोय. 'बिशप' म्हणजे बिशप ऑकलंड, इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम काउंटीतलं छोटं गाव, आणि तिथला नॉन-लीग क्लब.

नॉन-लीग म्हणजे काय ते माहीत नसेल तर थोडक्यात. प्रीमियर लीग आणि तिच्या खालच्या तीन डिव्हिजन मिळून वरचे चार मजले, त्यांच्या खाली जे काही आहे ते सगळं नॉन-लीग. नाव फसवं आहे, लीग असतातच, उलट ढिगाने असतात. बहुतेक खेळाडू आठवडाभर नोकरी करतात, संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी दुपारी तीनला मॅच. आणि वर जायचा रस्ता १९८७ पर्यंत जवळपास बंदच होता, म्हणजे नॉन-लीगच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पहिले आलात तरी वरच्या क्लबांनी मतदान करून घेतलं तरच आत. १९८७ पासून पहिला येणारा थेट वर जायला लागला.

तर डार्लिंग्टनला गाडी बदलली, दोन डब्यांची गाडी, शिल्डनवरून जाते (१८२५ ची स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे, वाफेच्या इंजिनाचा बराचसा इतिहास ह्याच पट्ट्यातला, रेल्वेवेड्यांनी खिडकी पकडावी). मैदान स्टेशनपासून लांब आहे, गावाबाहेर टिंडेलच्या बाजूला. बस माझ्या डोळ्यासमोरून गेली, ड्रायव्हरने आरशात बघितलं असं माझं अजूनही म्हणणं आहे. मग काय, पायपीट.

गेटवर तिकीट काढलं, सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त. आत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे कोणी काही सांगत नाही. इथे बसू नका, तिथे उभं राहू नका, काही नाही. कठड्याला टेकून उभा राहिलो तर टचलाइन इतकी जवळ की खेळाडूच्या बुटाचा बॉलला लागलेला आवाज स्वच्छ ऐकू येतो, आणि गोलकीपर आपल्याच डिफेंडरला ज्या शिव्या देतो त्या तर शब्दन् शब्द. बाजूच्याच्या हातात बिअरचा ग्लास. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने वरच्या पाच पातळ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे, खालच्या क्लबांना ती लागू नाही. बरेच लोक नॉन-लीगकडे वळतात त्याचं एक कारण हेच आहे, बाकी कितीही रोमँटिक बोलू देत.

मी चहा आणि पाय (pie, आत रस्सा भरलेली गरम पेस्ट्री) घेतला. पायमधल्या रश्श्याने जीभ भाजली. चूक माझीच, थंडीत घाई झाली. पण त्यामुळे शेजारचे आजोबा हसले आणि तिथून खरी मॅच सुरू झाली.

"पेट, फुंकून खा," म्हणाले. इकडे सगळ्यांना 'पेट' म्हणतात, सुरुवातीला मला वाटायचं मांजर समजतायत की काय, पण ते आपल्या 'बाळा' सारखं आहे. आजोबांचं वय ऐंशीच्या वर, गळ्यात दोन निळ्या रंगांचा मफलर, एक फिका एक गडद. मला विचारलं, हे दोन निळे कुठून आले माहितीये का? मी म्हटलं नाही. मग पुढची चाळीस मिनिटं मॅच मी एका डोळ्याने बघितली.

ते दोन निळे म्हणजे ऑक्सफर्ड आणि केंब्रिज! इथे ऑकलंड कॅसल आहे, २०१२ पर्यंत डरहॅमच्या बिशपचा वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिशप लाइटफूट तिथे पाद्री व्हायला निघालेल्या पोरांना शिकवायचे, ती पोरं ऑक्सफर्ड-केंब्रिजहून आलेली, त्यांनी इथे फुटबॉल सुरू केलं आणि रंग घेतले दोन्ही युनिव्हर्सिटींचे. क्लब १८८६ चा. म्हणजे आजूबाजूला सगळ्या कोळशाच्या खाणी, काळे झालेले खाणकामगार, आणि त्यांच्या गावच्या टीमच्या अंगावर ऑक्सफर्ड-केंब्रिजचे रंग. मला हे इतकं आवडलं की मी आजोबांना परत सांगायला लावलं.

आता मुख्य गोष्ट. त्या काळात इंग्लंडमध्ये हौशी क्लबांसाठी एफएचा (एफए म्हणजे तिथली फुटबॉल संघटना) अमॅच्युअर कप होता. हौशी म्हणजे पैसे न घेता खेळणारे, निदान कागदावर तरी, कारण मॅचनंतर बुटात नोटा सापडायच्या हे सगळ्यांना माहीत होतं. तर हा कप बिशप ऑकलंडने १० वेळा जिंकला. दहा! एवढा दुसऱ्या कोणीच नाही. पहिला १८९६ मध्ये, आणि १९५५, १९५६, १९५७ असा लागोपाठ तीन वर्षं. आणि गंमत बघा, १९७४ मध्ये एफएने हौशी-व्यावसायिक हा फरकच काढून टाकला, कप बंद झाला, त्यामुळे हा रेकॉर्ड आता कुणाच्या बापाला मोडता येणार नाही. (शेवटचा कप जिंकला बिशप्स स्टॉर्टफर्डने, तो वेगळा, तिकडे लंडनच्या बाजूचा क्लब. नावावरून मी पण फसलो.)

पण आजोबा जिंकलेल्या फायनलबद्दल फारसं बोलेनात, हरलेलीबद्दल बोलत बसले. १९५४. समोर क्रूक टाउन, इथून जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवरचं गाव. दोन शेजारची गावं वेम्बलीला फायनलला, बघायला १ लाख माणूस. २-२. मग न्यूकॅसलला रिप्ले, म्हणजे बरोबरी झाली म्हणून पुन्हा मॅच, परत २-२. मग मिडल्सब्रोला तिसरी मॅच, क्रूक १-०. आजोबा तेव्हा पोरगे होते, सांगताना अजून चेहरा पडतो. कोल्हापूरवाल्यांना हे वेगळं समजावायला नको, शाहू स्टेडियमवर एका पेठेची टीम दुसऱ्या पेठेकडून हरली की पुढचे सहा महिने मिसळ खायला कुठल्या गल्लीतून जायचं हा प्रश्न असतो, तसलंच हे. मी विचारलं, क्रूकला जाता का कधी? म्हणाले, बस तिथून जाते, मी उतरत नाही.

त्या सालानंतरच लागोपाठ तीन कप आले. १९५५ ला हेंडनला २-० हरवलं, १९५६ ला कोरिंथियन-कॅज्युअल्सशी १-१ होऊन रिप्लेमध्ये ४-१, १९५७ ला विकम वाँडरर्सला ३-१. आणि १९५४-५५ च्याच सीझनमध्ये मोठ्या एफए कपमध्ये, जिथे व्यावसायिक क्लबही असतात, इप्सविच ह्या व्यावसायिक क्लबला रिप्लेमध्ये ३-० ने घरी पाठवून चौथ्या राउंडपर्यंत गेले होते, तिथे यॉर्क सिटीने अडवलं.

त्या टीममधला शेमस ओ'कॉनेल म्हणून एक. गुरांचा व्यापार करणाऱ्या घरातला. हौशी असल्यामुळे तो इकडे बिशपकडून खेळायचा आणि तिकडे लंडनला चेल्सीकडून. चेल्सीसाठी पहिल्याच मॅचमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध हॅटट्रिक मारली, आणि तरी चेल्सी ५-६ हरली. पण त्या सीझनला चेल्सीने आयुष्यातली पहिली लीग जिंकली आणि बिशपने अमॅच्युअर कप. एकाच माणसाकडे एकाच वर्षात दोन्ही मेडल. आजच्या एजंटला हे सांगितलं तर चक्कर येईल.

मॅच कुठे चाललीये ते पण सांगतो, ०-१, कॉर्नरवरून हेडर, त्याला अडवायला ठेवलेला आपला डिफेंडर झोपलेला. आजोबांनी बघितलं पण नाही, नुसतं "आला ना?" विचारलं.

मग युनायटेडचा विषय निघाला आणि इथे माझ्या अंगावर काटा आला. ६ फेब्रुवारी १९५८, म्युनिकला युनायटेडचं विमान कोसळलं. २३ जण गेले, त्यात ८ खेळाडू. मॅनेजर मॅट बझ्बी हॉस्पिटलमध्ये, क्लब असिस्टंट जिमी मर्फीच्या गळ्यात, आणि मॅचेस तर खेळायच्याच होत्या. जे रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव टीममध्ये होते ते फर्स्ट टीममध्ये गेले, मग रिझर्व्हमध्ये कोण खेळणार? तेव्हा बिशप ऑकलंडचे तिघे मदतीला गेले. बॉब हार्डिस्टी, डेरेक लेविन आणि वॉरन ब्रॅडली. त्या काळात असा अनुभवी माणूस, तोही पगार न मागणारा, हौशी फुटबॉलमध्येच सापडणार. आणि हार्डिस्टी बझ्बीच्या ओळखीतला होता, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टीमचा कोच बझ्बी आणि टीममध्ये हार्डिस्टी. हा गडी ४८, ५२, ५६ अशी तीन ऑलिंपिक खेळला. युनायटेडला गेला तेव्हा ३७ वर्षांचा, लोक त्या वयात गुडघे धरून बसतात.

ब्रॅडली तर तिथेच राहिला. पेशाने शाळामास्तर. युनायटेडच्या फर्स्ट टीमकडून ६६ मॅच, २१ गोल, आणि १९५९ मध्ये इंग्लंडकडून ३ मॅच. एकाच सीझनमध्ये इंग्लंडच्या हौशी टीमकडून पण आणि मुख्य टीमकडून पण. म्हणजे वर्गात पोरं विचारत असतील, सर सोमवारी का नव्हता, तर सर इटलीविरुद्ध गोल मारून आलेत असं उत्तर.

युनायटेडचे फॅन आपल्याकडे गल्लीगल्लीत आहेत, म्युनिकची तारीख पाठ असते, पण ह्या तिघांची नावं मी तरी कुठल्या पोराच्या तोंडून ऐकली नव्हती. मला पण माहीत नव्हती, मी काय शहाणा.

हाफटाइमला अजून एक मजा. टीमने बाजू बदलली की प्रेक्षकांनी पण बदलायची, म्हणजे आपली टीम ज्या गोलवर चढाई करणार त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. शे-दोनशे माणसं चहाचे कप सांभाळत मैदानाला अर्धी चक्कर मारतात, वाटेत पाहुण्यांचे सपोर्टर उलट्या दिशेने येताना भेटतात, कोणी टोमणा मारतो, कोणी हवापाण्याचं बोलतो. मोठ्या स्टेडियमवर असं केलं तर पोलीस घोडे घेऊन येतील.

ह्या चकरेत आजोबांनी वाईट भाग उरकून घेतला, चालताना बोलायचं म्हणजे तोंडाकडे बघावं लागत नाही. हौशीपणा गेला तशी ह्या क्लबांची खासियत गेली, खाणी एकेक करून बंद झाल्या, तरणी माणसं गाव सोडून गेली. जुनं मैदान किंग्सवे, क्रिकेट क्लबबरोबर वाटून घेतलेलं, त्यामुळे एका बाजूला स्टँडच नाही. २००१ मध्ये ते सोडलं आणि मग जवळजवळ नऊ वर्षं दुसऱ्यांच्या मैदानावर बिऱ्हाड. २०१० मध्ये हे नवीन हेरिटेज पार्क. मी विचारलं, आवडतं का? म्हणाले, छत आहे. एवढंच.

आणि जाता जाता वेस्ट ऑकलंड. शेजारचंच खाणीचं गाव, हे तर त्याहून छोटं. १९०९ आणि १९११ मध्ये इटलीत तुरिनला जाऊन सर थॉमस लिप्टन ट्रॉफी, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या क्लबांची स्पर्धा, जिंकून आले, दुसऱ्या वेळी फायनलला समोर इटलीचा बडा क्लब युव्हेंटस, स्कोअर ६-१. वर्ल्ड कप सुरू व्हायच्या वीसेक वर्षं आधी! ती ट्रॉफी १९९४ मध्ये चोरीला गेली, आता दाखवतात ती कॉपी. आजोबा हे सांगताना जरा नाक मुरडून सांगत होते, शेजाऱ्याच्या पोराचे मार्क सांगावेत तसे.

मॅच १-१ झाली. ८० व्या मिनिटाच्या आसपास रिबाउंडवर गोल, बॉल कुणाच्या तरी नडगीला लागून आत गेला. आजोबांनी मला मिठी मारली, उरलेला चहा माझ्या जॅकेटवर.

कामाच्या गोष्टी. थंडीत जात असाल तर दोन मोजे घाला, वारा बाजूने येतो आणि थांबत नाही. गाडीचं टाइमटेबल बघूनच निघा, चुकली तर बराच वेळ बसाल. सकाळी लवकर गेलात तर कॅसल बघा, तिथे झुर्बारान ह्या स्पॅनिश चित्रकाराची मोठमोठी चित्रं आहेत, १७५६ मध्ये एका बिशपने विकत घेतलेली. खाणीच्या गावात हे पण आहे. कॅश जवळ असू द्या. फुटबॉलच्या दर्जाबद्दल विचाराल तर पास चुकतात, बॉल हवेत जास्त राहतो, पण टाइमपास करायला कोणी जमिनीवर लोळत नाही कारण शिव्या कोण घालतंय ते त्याला दिसतं.

मफलर घेतला. बायको म्हणाली शाळेच्या स्वेटरचा रंग आहे. सोमवारी घालून ऑफिसला गेलो तर आमचा मॅनेजर, कट्टर युनायटेडवाला, विचारतो हा कुठला क्लब? म्हटलं बस, चहा सांग दोन.